उमेदवाराची दृष्टी आणि वाडीतले बावखल

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आल्या की उमेदवार विकासाचे चित्र घेऊन आपल्या अंगणात येतात. रस्ते, दिवाबत्ती, उद्याने ह्यांची यादी आपण ऐकून घेतो. गावाने किती वाढावे आणि कशाच्या बळावर, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगर परिषदा आणि परिसरातील गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. छोटी गावे शहर झाली. पण तहान भागवण्यासाठी दूरच्या सूर्या धरणाकडे पाहावे लागले, आणि जुलै २०१८ च्या पावसात लोहमार्गासह अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यातील टंचाई आणि पावसाळ्यातील पूर ह्यांचे एक मूळ समान आहे: पाणी मुरण्याच्या व वाहून जाण्याच्या जागा आपण बुजवल्या.

आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि विहिरी जिवंत ठेवी. त्यावरच केळी, पानवेली व फुले पिकली. हा ठेवा राखण्यासाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी हरित वसई चळवळीला आवाज दिला.

म्हणून उमेदवाराला आम्ही तीन प्रश्न विचारू इच्छितो. नव्या इमारतींना परवानगी देण्याआधी त्यांच्या पाण्याची तजवीज झालेली असेल काय? प्रभागातील बावखले, तलाव व नाले ह्यांची नोंद करून ते राखले जातील काय? हरित पट्ट्यातील शेतकऱ्याला शेती परवडावी म्हणून काय केले जाईल? 'हे माझ्या हाती नाही' हे उत्तर पुरेसे नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन, पाणीपुरवठा व पर्यावरण रक्षण हे विषय स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची वाट खुली केली आहे. विकास आराखड्याची अंतिम मंजुरी राज्य शासनाची असली, तरी सभागृहात हरकत नोंदवणे नगरसेवकाच्या हाती असतेच.

चौथा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारायचा आहे. बावखलात भराव कोणी टाकला? वाडीचा सौदा कोणी केला? त्यात आपलेही हात आहेत. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले आजारपण ह्यांसाठी जमीन विकावी लागलेल्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु केवळ लोभापायी झालेल्या व्यवहारांचे आत्मपरीक्षण व्हायलाच हवे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. कोणाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नव्हे. मत देण्यापूर्वी आपल्या विहिरीत एकदा डोकावून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.