भूमिती फळ्यावरून खाली उतरावी

प्राथमिक शिक्षकाची टाचणवही हा मोठा विलक्षण दस्तऐवज असतो. घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, अध्यापन, मूल्यमापन, गृहपाठ असे रकाने तीत आखलेले असतात, ते इमानेइतबारे भरले जातात आणि भागशिक्षणाधिकारी भेटीला आले की त्यांची सहीही त्यावर उमटते. परंतु गणितातील भूमितीचे पान उघडावे, तर साधनांच्या रकान्यात बहुधा दोनच शब्द आढळतात: खडू आणि फळा. उद्दिष्ट म्हणून 'चौरस व आयत यांची ओळख करून देणे' असे लिहिलेले असते. ही ओळख व्हावी कशी, त्या तासाला मूल स्वतःच्या हाताने काय करणार, ते कोठे अडखळण्याचा संभव आहे आणि अडखळलेच तर गुरुजी काय करणार, याविषयी वही मूक असते. वर्ष संपत आले की भूमितीचे उरलेले धडे दोन-चार दिवसांत उरकले जातात आणि मुलांच्या पदरात व्याख्या पडतात.

आमचे म्हणणे कोणास अतिशयोक्त वाटले, तर त्याने घरातील तिसरी-चौथीच्या मुलापाशी एक साधा प्रयोग करावा. कागदाचा चौरस कापून तो मुलापुढे सरळ ठेवावा आणि हे काय म्हणून विचारावे. 'चौरस' असे उत्तर तत्काळ येईल. मग त्याच्या डोळ्यांदेखत तोच कागद कोपऱ्यावर उभा राहील असा फिरवावा. पुष्कळ मुले आता सांगतील की ही शंकरपाळी झाली. कागद तोच, बाजू त्याच, कोन तेच. तरीही मुलाच्या लेखी आकृती बदलली, कारण पुस्तकात आणि फळ्यावर त्याने चौरस नेहमी एकाच बैठकीत पाहिलेला असतो. त्रिकोणाचेही असेच. टोक वर आणि पाया खाली असेल तरच तो त्रिकोण; उलटा केला की मूल बिचकते. यात मुलाचा दोष कोणता? त्याने जे पाहिले तेच ते सांगते.

या बिचकण्याचा शास्त्रशुद्ध विचार हॉलंडमधील पियरे व्हान हिले आणि दिना व्हान हिले या शिक्षक दांपत्याने केला. १९५७ साली उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनी दाखवून दिले की, भूमितीची समज पायरीपायरीने चढते. पहिल्या पायरीवर मूल आकृतीला तिच्या एकंदर रूपावरून ओळखते, जसे आपण दुरून माणूस ओळखतो. दुसऱ्या पायरीवर त्याला बाजू, कोन आणि त्यांचे गुणधर्म दिसू लागतात. एका आकृतीचे दुसरीशी असलेले नाते, म्हणजे प्रत्येक चौरस हा आयतही असतो हे, त्याच्या पुढच्या पायरीवर उमगते. सिद्धता तर आणखी पलीकडे राहते. ही चढण वयाबरोबर आपोआप होत नाही; मुलाला मिळालेल्या अनुभवावर ती अवलंबून असते, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. गुरुजी तिसऱ्या पायरीवरून बोलत आहेत आणि मूल पहिलीवरून ऐकत आहे, अशी अवस्था असेल तर दोघांचे शब्द एकच असूनही अर्थ भिन्न होतात. मग पाठांतराखेरीज मुलापुढे दुसरा मार्ग उरत नाही. असे मूल आठवी-नववीत प्रमेयांना सामोरे जाते, तेव्हा 'गणित आपल्याला जमायचे नाही' हा निकाल ते स्वतःच स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होते. त्या निकालाची कारणे चार-पाच वर्षांपूर्वीच्या टाचणवहीत शोधावी लागतील.

पाठाचे नियोजन कसे असावे? आमच्या मते त्याचा आरंभ घनवस्तूपासून व्हावा. बिंदू, रेषा, प्रतल हा क्रम ग्रंथात शोभतो. मुलाने मात्र लांबी-रुंदी नसलेला बिंदू कधी पाहिलेला नसतो. चेंडू, डबा, काड्यापेटी हाताळलेली असते. गोमंतकातील शाळेला तर साधनासाठी दूर जावयास नको. आवाराच्या कडेला पडलेला जांभा दगडाचा एक चिरा पुरे. मुलांना तो उचलणार नाही, पण भोवती फिरता येते, कडांवरून बोट फिरविता येते. पृष्ठे सहा, कडा बारा, कोपरे आठ, हे त्यांनी स्वतः मोजावे. मग गुरुजींनी तो तीन तऱ्हांनी मातीवर ठेवावा आणि प्रत्येक वेळी मुलांनी काठीने त्याच्या भोवती रेघ ओढावी. एकाच चिऱ्यातून तीन निराळे आयत जमिनीवर उमटतात. घनातून पृष्ठ आणि पृष्ठातून रेषा कशी निघते, हे सांगण्यासाठी फळ्यावर दहा आकृत्या काढूनही जे साधत नाही, ते या मातीत साधते. 'गणित का जादू' या एनसीईआरटीच्या चौथीच्या पुस्तकाचा पहिला धडा विटांपासून सुरू होत असे. विटांच्या मुलखात विटा घ्याव्यात, आम्ही आमचा चिरा घ्यावा.

त्यानंतर काड्यांचा पाठ. माडाच्या हिराचे सारख्या लांबीचे तुकडे करून टोके दोऱ्याने बांधावीत. तीन तुकड्यांचा त्रिकोण कसाही दाबला तरी आकार सोडीत नाही. चार तुकड्यांचा चौकोन मात्र हाताच्या हलक्या रेट्याने लवतो, कधी चौरस दिसतो तर कधी शंकरपाळी. बाजू तशाच राहून कोन तेवढे बदलले, हे मूल येथे हाताने शिकते. छपराला कैची का घालतात, हा प्रश्न मग कोणीतरी विचारतेच. मच्छीमाराच्या घरचे मूल वर्गात असेल तर याच तासाला त्याचा मान मोठा. ताणले की जाळ्याचा डोळा चिंचोळा होतो, सैल सोडला की रुंदावतो, हे त्याला गुरुजींपेक्षा अधिक ठाऊक असते. गणिताच्या तासाला ज्याच्या घरच्या ज्ञानाची कधी विचारपूस झाली नाही, अशा मुलाला एकदा तरी बोलते करणे हे पाठनियोजनातच बसते.

काटकोनासाठी कंपासपेटीची आवश्यकता नाही. कसाही फाटलेला कागद एकदा दुमडावा; सरळ कड मिळते. ती कड स्वतःवरच जुळवून पुन्हा दुमडावा, काटकोन मिळतो. हा खिशातला गुण्या घेऊन मुलांना शाळाभर सोडावे: दार, खिडकी, बाक, पायरी, पुस्तक. कोठे जुळतो, कोठे नाही, हे त्यांनी लिहून आणावे. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली नुसत्या कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली. शंभरावर वर्षे लोटली. आमच्या टाचणवहीत कागदाची घडी अद्याप यावयाची आहे.

नावांविषयी थोडे निराळे बोलले पाहिजे. आमची बहुसंख्य मुले घरी कोंकणी बोलतात. 'वाटकुळें' त्यांना कळते, 'वर्तुळ' शाळेतच भेटते. 'आयत' तर मराठी घरातील मुलासही परकाच. शिवाय बोलताना आपण सगळेच चौरसाला चौकोन म्हणतो आणि पुस्तक त्या दोहोंत भेद करते. म्हणून वस्तू आधी, घरचा शब्द मग आणि पुस्तकातील संज्ञा शेवटी, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो. संज्ञा टाळावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती मुलाच्या अनुभवाला चिकटली पाहिजे, एवढेच.

यावर शिक्षकांचे उत्तर आम्ही जाणून आहो. भाग पुरा व्हावयाचा कसा? त्यात मतदारयाद्यांची व इतर अशैक्षणिक कामे त्यांच्याच माथी. ही तक्रार खोटी नाही. त्यातच, मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव निघालेल्या मराठी शाळांपैकी अनेकांचा पट आज इतका घटला आहे की, पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकाच गुरुजींपुढे बसते. पट का घटला हा वेगळा आणि कडू विषय आहे. तथापि एकशिक्षकी शाळेत चारही इयत्तांना एकत्र शिकविता येईल असा एखादा विषय असेल तर तो भूमितीच. किराणा मालाच्या दुकानातील रिकामी खोकी आणा. पहिलीतील मुले ती घरंगळणारी आणि घसरणारी अशी वेगळी करतील, दुसरीतील पृष्ठांना नावे देतील, तिसरीतील कडा-कोपरे मोजतील. चौथीतील मुलांना पाच समान चौरस कडेला कड लावून किती रीतींनी जोडता येतात ते शोधू द्यावे. बारा रीती निघतात आणि त्यांपैकी आठच दुमडून झाकण नसलेली पेटी होते. कोणत्या आठ, हे शोधण्यात चौथीचा तास संपेल आणि गुरुजींना पहिलीकडे वळावयास सवड मिळेल.

साधनांसाठी पैसा हवा, हे म्हणणेही टिकत नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीच्या किनाऱ्यावर ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला, तेव्हा शंखशिंपले, बिया आणि पाने हीच साधने केली.

शिक्षणखात्याकडे आमचे मागणे मोठे नाही. २०२० चे राष्ट्रीय धोरण आले, २०२३ चा अभ्यासक्रम आराखडा आला, कृतीतून शिकवा अशी परिपत्रके निघाली. टाचणवहीचे रकाने मात्र जागचे हललेले नाहीत. त्यांपैकी दोन खुशाल गाळावेत आणि त्या जागी 'मूल आज हाताने काय करणार' व 'कोठे चुकेल' हे दोनच रकाने घालावेत. भूमिती वर्षाच्या शेवटी न ढकलता आठवड्यातून एक तास तिला पहिल्या महिन्यापासून द्यावा. भेटीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने वही तपासण्याऐवजी एखाद्या मुलापुढे तो कागदाचा चौरस फिरवून पाहावा. आणि चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तिसरी-चौथीला समांतर व लंब रेषांचा पाठ ठेवावा. घरोघरी माटोळीची लाकडी चौकट तेव्हा माळ्यावरून खाली निघालेली असते, तिच्या पट्ट्या पुसण्याचे काम मुलांकडेच येते आणि कोणती पट्टी कोणत्या पट्टीला कधीच मिळणार नाही, हे त्यांना पुसता पुसता दाखविता येते.