पदक कोणाचे, घर कोणाचे?

घर बांधणाऱ्याचे नाव लक्षात ठेवण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. राजवाड्याकडे बोट दाखवून आपण होळकरांचे नाव घेतो. तो ज्याने आखला आणि ज्यांनी रचला त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? देवळांचेही तसेच. एखाद्या शिलालेखात सूत्रधाराचे नाव डोकावते, बाकी सगळे श्रेय बांधविणाऱ्याचे. म्हणून वास्तुशिल्पींना राष्ट्रीय पातळीवर पदके मिळू लागली, ही आम्ही इष्टच गोष्ट मानतो.

मुंबईत १९१७ साली जे. जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वास्तुकलेचे एक मंडळ स्थापन केले. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट हे त्याचे पहिले अध्यक्ष. तेच मंडळ १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाले. या संस्थेचे बाबुराव म्हात्रे यांच्या नावाचे सुवर्णपदक हा या व्यवसायातला आपल्या देशातील मोठा मान. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे, मूळ गोमंतकीय घराण्यातले चार्ल्स कोरिया आणि पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हे तिघेही या पदकाचे मानकरी. मराठी मुलखाशी नाते असलेल्या या तिघांविषयी अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु अभिमानाशी थांबावे असे आम्हांस वाटत नाही. पदक मिळते माणसाला, आणि ऊनपाऊस सोसावा लागतो इमारतीला. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे सभागृह १९७२ साली राज रेवाल यांनी उभारले. महेंद्र राज त्याचे अभियंते. रेवाल यांचा देशात आणि परदेशातही गौरव झाला. तेच सभागृह एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडून टाकण्यात आले. पणजीच्या कला अकादमीची कथा वेगळी असली तरी सुखाची नाही. कोरियांच्या या सुंदर वास्तूच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये तेथील खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला. कोरिया २०१५ सालीच निवर्तले होते. ते एका परीने बरेच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणू नये.

आता आमच्या इंदूरकडे वळू. शहराच्या उत्तरेस, आग्रा-मुंबई रस्त्याला लागून ‘अरण्य’ नावाची वसाहत आहे. इंदूर विकास प्राधिकरणाने ती काढली आणि आराखडा दोशींच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाने केला. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक सर्वांत गरीब कुटुंबांसाठी. काम हाती घेताना प्रतिष्ठानाच्या मंडळींनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांसह इंदूरच्या झोपडवस्त्या पायाखाली घातल्या. लोक ओट्यावर काय काय करतात, झाड कोठे लावतात, गल्ली कोठे रुंदावते आणि का, हे सगळे मोजून, चितारून ठेवले. गरिबाला घर कसे बांधावे हे शिकविण्यापूर्वी तो ते कसे बांधतो हे पाहून घेतले, ही गोष्ट आम्हांस पुढच्या सगळ्या पदकांहून मोठी वाटते.

मग त्यांनी गरिबाला काय दिले? घर दिलेच नाही. सुमारे ३५ चौरस मीटरांचा तुकडा, त्यावर जोते, न्हाणी-संडास आणि पाण्याचा नळ. बाकीचे ज्याचे त्याने, ऐपतीप्रमाणे आणि सवडीने बांधावयाचे. कसे बांधता येईल हे दाखविण्यापुरती ८० नमुनाघरे दोशींनी स्वतः उभी केली. मोठ्या रस्त्यालगतचे भूखंड सधनांना चढ्या भावाने विकून त्यातून गरिबांचा भार हलका करावयाचा, हा त्यामागचा हिशेब.

या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराची एक पद्धत आमच्या मनात भरली आहे. इमारत वापरात आल्यावरच तिचा विचार होतो, जाणकार माणूस जागेवर जाऊन पाहून येतो, आणि मानाचा वाटा बांधविणाऱ्याला व कारागिरालाही मिळू शकतो. पुढे २०१८ साली दोशींना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

आज अरण्यात फेरी मारली तर ती नमुनाघरे सहजी ओळखू येत नाहीत. जोत्यावर मजले चढले, ओटे कोठे दुकानांत गेले, काही भूखंड हातोहात विकले जाऊन सधनांकडे आले. यावरून कोणी म्हणेल की योजना फसली. जागा गरिबाच्या हातून निसटली तेथे ती फसलीच, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. परंतु ज्या कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन वीस वर्षांत दुसरा मजला चढविला, त्याने दोशींचा नकाशा बिघडविला असे आम्ही कदापि म्हणणार नाही. नकाशातच त्या मजल्याला जागा ठेवलेली होती.

अशा कुटुंबाला पदक नाही. आमच्यासारख्या सरकारी शाळेच्या माणसाला हे विशेष जाणवते. शाळेची इमारत एका ठरीव नकाशावरून उभी राहते. तिला पारितोषिक मिळण्याचा प्रश्न नाही. पण पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणारा आणि गळक्या खोलीतली बाके वेळीच हलविणारा शिपाई नसता तर ती केव्हाच बसली असती.

वाचकांना नवल वाटेल, पण घर राखणाऱ्याचा सन्मान या शहराने एकदा केलेला आहे. मुंबईत ते मंडळ निघाले त्याच १९१७ साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरात होते. शहरात प्लेग होता. तुकोजीराव होळकरांच्या दरबाराकडून परवानगी मिळवून गेडिस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढविली आणि आधीच जाहीर केले की ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातली घरे सर्वांत अधिक झाडली-डागडुजली जातील त्या भागातून जाईल. गल्लोगल्ली चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि शहराचे सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यांत हार घालून चालत होते. शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली. स्वच्छतेच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले येणाऱ्या इंदूरकरांनी ही शंभर वर्षांपूर्वीची स्पर्धाही आठवणीत ठेवावी.

आमची सूचना साधी आहे. पदक देणाऱ्या संस्थांनी इमारतीकडे पहिल्या दिवसाच्या छायाचित्रांवरून न पाहता, वीसेक पावसाळे गेल्यावर तेथे जावे, राहणाऱ्यांना विचारावे, आणि मान द्यावयाचा तर तो आखणाऱ्याबरोबर राखणाऱ्यालाही द्यावा. वीसेक वर्षे थांबणे अशक्य आहे असे नाही. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेचा असा एक वार्षिक सन्मान आहे. पंचवीस वर्षे टिकून राहिलेल्या इमारतीलाच तो मिळतो. २०१८ साली परीक्षकांना त्यास योग्य अशी एकही इमारत आढळली नाही, तेव्हा त्यांनी त्या वर्षी तो कोणालाच दिला नाही.