विश्लेषण : टेट्रापॅकवरून ‘ओआरएस’ हे नाव का हटवले? जुलाबात नेमके कोणते औषध उपयोगी?

जुलाब, उलट्या सुरू झाल्या की औषधाच्या दुकानात जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हणायचे आणि हाती फळांचे चित्र असलेला गोड पेयाचा पॅक यायचा, असे देशभरात वर्षानुवर्षे घडत होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या नावाच्या वापरावर बंदी घातली. एका नावावरून इतका वाद का झाला आणि जुलाबावरील औषधांपैकी कोणते केव्हा घ्यावे, याविषयी…

आदेश काय आहे?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने म्हणजेच ‘एफएसएसएआय’ने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढला. फळांचा रस असलेली, कार्बोनेटेड नसलेली किंवा पिण्यास तयार अशा कोणत्याही पेयाच्या नावात, अगदी मागे-पुढे दुसरी अक्षरे जोडूनही, ‘ओआरएस’ वापरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले. याआधी जुलै २०२२ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र याच प्राधिकरणाने सवलत दिली होती. ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नाही’ अशी सूचना पॅकवर छापली की नाव चालत असे. ही सवलत आता मागे घेण्यात आली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजची याचिका न्यायालयाने ३१ ऑक्टोबर रोजी फेटाळली.

नावाने एवढा काय फरक पडतो?

ओआरएस हे औषध आहे आणि त्याचे प्रमाण ठरलेले आहे. एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. या द्रावणाची एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल प्रति लिटर असते. पूर्वी ती ३११ होती. जुलाब व उलट्यांचे प्रमाण कमी राहते असे दिसल्याने २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवे सूत्र स्वीकारले.

गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट आणि सोडियम कमी असते. जास्त साखर आतड्यात गेली की ती शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. म्हणजे ज्या पेयाने पाणी भरून निघावे, त्यानेच जुलाब वाढू शकतात. निरोगी माणसासाठी ते फक्त एक गोड पेय असते. जुलाब झालेल्या वर्षभराच्या बाळाला मात्र ते धोक्याचे ठरू शकते.

मीठ-साखरेचे पाणी काम कसे करते?

लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाहक प्रथिने असतात. दोन्ही आत गेले की त्यांच्यामागे पाणीही जाते. कॉलऱ्यासारख्या आजारात आतडे पाणी बाहेर टाकत असतानाही हा मार्ग शाबूत राहतो. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसती साखर पुरत नाही, दोन्हींचे प्रमाण जुळावे लागते.

याचा मोठा पुरावा १९७१ मध्ये मिळाला. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बोनगावच्या निर्वासित शिबिरात कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

मग जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या?

दुकानात सर्रास मागितली जाणारी लोपेरामाइडची गोळी आतड्याची हालचाल मंदावते. त्यामुळे शौचाच्या खेपा कमी होतात, पण गेलेले पाणी आणि क्षार त्याने भरून निघत नाहीत. प्रवासात असलेल्या धडधाकट प्रौढाला ती एखाद-दोन दिवस उपयोगी पडते. ताप असेल किंवा शौचात रक्त पडत असेल तर ती टाळावी, कारण जंतू आणि त्यांचे विष आतड्यात अडकून राहते. लहान मुलांना ती देऊच नये. त्यांचे पोट फुगून आतडे निष्क्रिय होण्याचा धोका असतो.

प्रतिजैविकांचेही तसेच. मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यावर ही औषधे चालत नाहीत. रक्ताची आव किंवा कॉलऱ्याची शंका असेल तर डॉक्टर ती देतात.

मुलांसाठी ओआरएसच्या जोडीला झिंक महत्त्वाचे. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी हा कोर्स पूर्ण करायचा असतो.

उलटी होत असेल तर?

उलटी झाली म्हणून ओआरएस बंद करू नये. दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने, थोडे थोडे द्यावे. उलट्या थांबतच नसतील तर डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉनचा एखादा डोस देतात. उलटीचा इशारा देणाऱ्या सेरोटोनिनला ते रोखते आणि ओआरएस पोटात टिकते. मेटोक्लोप्रमाइडसारखे जुने औषध मुलांना मनाने देऊ नये. त्याने मान, डोळे वा जबडा आखडण्याचा दुष्परिणाम मुलांत जास्त दिसतो.

घरी काय पाहावे?

पॅकवर ‘एफएसएसएआय’चे चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक असेल तर ते खाद्यपदार्थ म्हणून विकले जात आहे. खऱ्या ओआरएसवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि वरील सूत्राचा उल्लेख असतो. आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही पाकिटे मोफत मिळतात.

लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकले तर द्रावण खारट होऊन अपाय होतो. तयार द्रावण २४ तासांत संपवावे, उरलेले फेकून द्यावे. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून तात्पुरती सोय करता येते.

डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी कमी झाली, चिमटीत धरलेली त्वचा हळू मागे जाते, मूल सुस्त पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

पुढे काय?

आदेश निघाला तरी अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोन्हींवर एकाच अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते, त्यामुळे दुकानांची तपासणी करणे तुलनेने सोपे आहे. पण नाव गेले तरी ते पॅक औषधांच्या शेजारी, त्याच फळीवर राहिले, तर घाबरलेला पालक पुन्हा तोच पॅक उचलेल. तेव्हा दुकानात ‘ओआरएस पावडरचे पाकीट’ असे स्पष्ट मागणे आणि मागची बाजू वाचणे, हाच तूर्त खात्रीचा उपाय.