मुकादमाची रोजनिशी
इजिप्तच्या रहस्यांवरची पुस्तकं चवीनं वाचावीत, त्यात कमीपणा कसला? फक्त खरी गंमत शापांपेक्षा पुराव्यात जास्त आहे. तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली, १९२३ मध्ये उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन वारले आणि शापाची आवई उठली. कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर मात्र १९३९ पर्यंत जगले. (शापाला पत्ता सापडला नसावा.) उलट २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला इजिप्ततज्ज्ञ पिएर ताले यांच्या चमूला मेरर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी मिळाली. खुफूच्या पिरॅमिडसाठी तुराच्या खाणींतली चुनखडी होड्यांतून गिझाला कशी जाई, याची ही साडेचार हजार वर्षांपूर्वीची नोंद. अशा रुक्ष हिशेबात कसलं रहस्य, असं कुणी विचारेल. पण ते दगड वर कसे चढवले, हे मेरर सांगत नाही. परग्रहवासीयांना न बोलावताही तिथं तर्काला भरपूर वाव उरतो.