काम थांबविण्याचा अधिकार कोणाचा?

विमान उतरून आपल्या जागी उभे राहते, प्रवासी निघून जातात आणि मग एखाद्या उपकरणातील बिघाड ध्यानात येतो. वैमानिक त्याची नोंद वहीत करतो. कोणत्या बिघाडासह, किती दिवस, कोणत्या अटींवर उड्डाण चालेल याची मंजूर यादी असते. त्या यादीत न बसणारा बिघाड दुरुस्त होऊन परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याखेरीज विमान हलवता येत नाही. कंपनीचे नुकसान झाले तरी कायदा त्या सहीच्या पाठीशी असतो.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कप्तानासमोरील एका दर्शक यंत्राने दगा दिला होता. असल्या मरणांनीच आकाशातले नियम कडक केले.

आता शहापूर तालुक्यात या. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढविणारे अवजड यंत्र कोसळले. वीस जण चिरडून मेले. पोटासाठी परप्रांतातून आलेले मजूर त्यांत होते. राज्य सरकारने वारसांना पाच लाख रुपये जाहीर केले, ठेकेदारांवर गुन्हा नोंदला गेला. आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा थाटात खुला झाला.

यंत्र का कोसळले हे तज्ज्ञांनी सांगावे. आमचा सवाल त्याआधीचा आहे. त्या रात्री एखाद्या मजुराला यंत्राची शंका आली असती, तर काम थांबविण्याचा अधिकार त्याला होता काय?

उचलयंत्रांच्या तपासणीचे नियम आहेत, असे उत्तर मिळेल. आहेत, पण तपासणी करवून घेणारा ठेकेदारच! विमानाचा अभियंताही कंपनीचाच पगार खातो, हे खरे. परंतु त्याचा परवाना सरकारचा असतो. मालकाला तो हिरावून घेता येत नाही. मजुराजवळ असे काय आहे? 'नाही' म्हणणाऱ्याची हजेरी दुसऱ्या दिवशी बंद होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी ही उणीव भरून काढली नाही. धोका दिसला तर कामगाराने मालकाला व निरीक्षकाला कळवावे. मालकाची खात्री पटली तर त्याने उपाय करावा! आणि तो निरीक्षकही आता 'सुलभकर्ता' झाला आहे. कोणासाठी सुलभ, हे सांगायला नको.

आकाशात उडणाऱ्याच्या जिवाला एक मोल आणि त्याच्यासाठी रस्ते बांधणाऱ्याच्या जिवाला दुसरे, ही वर्गव्यवस्थाच होय. शहापूरच्या पुलांवर आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्येक अवजड यंत्राजवळ दोषनोंदीची वही हवी, ठेकेदाराच्या मुठीत नसलेला तपासनीस हवा आणि धोका दिसताच हजेरी न बुडता काम थांबविण्याचा कायदेशीर हक्क हवा. नुकसानभरपाई मेल्यावर मिळते. हा हक्क जिवंतपणी हवा, आणि तो संघटनेच्या बळावरच मिळेल. कार्यकर्त्यांनी ही मागणी घेऊन मजूर-नाक्यांवर जावे.