दोष संस्कृतीचा की इस्पितळाचा?

बायकांच्या बाजूने दिलेली अभ्यासकाची साक्ष त्यांच्याच विरोधात वापरली जाते, असे कधी घडते का? १९७८ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या न्यायालयात ते घडले.

तिथल्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाला आलेल्या मेक्सिकन वंशाच्या गरीब बायकांची नसबंदी करण्यात आली होती. बायकांची भाषा स्पॅनिश, संमतीचे कागद मात्र इंग्रजीत. कुणाची सही ऐन कळांमध्ये घेतलेली, कुणाची सिझेरियनच्या तोंडावर. काहींना तर आपली नसबंदी झाली हे फार उशिरा कळले. १९७५ मध्ये दहा जणींनी दावा लावला. 'माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन' या नावाने तो ओळखला जातो. अंतोनिया एर्नांडेझ ही तरुण वकील त्यांच्यासाठी लढली. 'कोमिसिओन फेमेनिल' ही मेक्सिकन-अमेरिकन बायकांची संघटना पाठीशी उभी राहिली.

मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस वेलेझ-इबान्येझ यांनी या दहा जणींच्या आयुष्यांचा अभ्यास केला. या बायका खेड्यांतून आलेल्या. मूल होणे हा त्यांच्या मानाचा, नात्यागोत्यातल्या स्थानाचा पाया होता. नसबंदीने तो पायाच उखडला, अनेकींना नैराश्याने घेरले. नुकसान किती खोल आहे, हे त्यांनी न्यायालयापुढे मांडले.

न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी हा अभ्यास मान्य केला आणि निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला! या बायकांची संस्कृती इतकी वेगळी, तर कामाच्या रगाड्यातल्या डॉक्टरांना ती कशी कळावी, असा त्यांचा युक्तिवाद. सगळा प्रकार केवळ गैरसमजाचा ठरला. कळा सोसणाऱ्या बाईपुढे परक्या भाषेतला कागद कुणी धरला, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. वेदना संस्कृतीच्या खात्यावर लिहिली की सत्तेचा हिशेब कुणी मागत नाही.

खटला हरला, पण बायका हरल्या नाहीत. संघटनांच्या दबावामुळे १९७८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. सही आणि शस्त्रक्रिया यांत सर्वसाधारणपणे ३० दिवसांचे अंतर, बाईला समजेल अशा भाषेत माहिती, कळा सुरू असताना संमती घ्यायला बंदी. सक्तीच्या नसबंदीला मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा १९०९चा कायदा १९७९ मध्ये रद्द झाला. लॉस एंजेलिस काउंटीने माफी मागितली, ती मात्र २०१८ साली.

मैत्रिणींनो, ही दूरदेशीची गोष्ट नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेव्हाही 'अडाणी आहेत', 'त्यांनीच मागणी केली' असे ऐकायला मिळालेच. उचल फेडण्याची चिंता, खाड्याचा दंड, फडात नसलेले संडास आणि पाणी, कॅन्सरची भीती घालणारे खाजगी डॉक्टर यांविषयी बोलणारे थोडे.

आपणही वस्त्यांमध्ये पाहण्या करतो, अहवाल लिहितो, साक्षी देतो. बाईचे दुःख नोंदवताना इस्पितळाचीही नोंद व्हायला हवी. सही किती वाजता घेतली? कागद कोणत्या भाषेत होता? दुसरा उपाय सांगितला होता का? 'नाही' म्हणाली असती तर तिला घरी जाता आले असते का? बाई कशी आहे, याची उत्तरे आपण पुष्कळ दिली. आता तिच्यासमोर कोण उभे होते, ते लिहू या.