मुले पळविणारे कोण?

मे २०१८ मध्ये हैदराबादच्या चांद्रायणगुट्टा भागात रात्रीच्या वेळी एका जमावाने काही तृतीयपंथीयांना घेरले. महबूबनगर जिल्ह्यातून भिक्षा मागण्यासाठी आलेली ही मंडळी मुले पळविणाऱ्या टोळीतील आहेत, असे कोणीतरी म्हणाले आणि ते म्हणणे पुरेसे ठरले. बेदम मारहाणीत एकाचा मृत्यू झाला, इतर जखमी झाले. त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून फिरणाऱ्या अफवांनी देशात अनेक ठिकाणी निरपराध माणसे मारली गेली. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला त्याच वर्षी १ जुलै रोजी पाच भिक्षेकऱ्यांची अशीच हत्या झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु राईनपाड्याच्या वेळी जी हळहळ व्यक्त झाली, तिचा शतांशही हैदराबादच्या त्या मृत्यूच्या वाट्याला आला नाही. तृतीयपंथीय आणि मुले पळविणे यांची जोडी लोकांच्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की, त्या आरोपाला पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही.

ही जोडी लावली कोणी? आपल्या आजीबाईंच्या गोष्टींनी थोडीफार लावली असेल. पण तिला सरकारी शिक्का मिळाला तो इंग्रजांच्या राज्यात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी, भामटा, कैकाडी या समाजांच्या संदर्भात ठाऊक असतो. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फारसे सांगितले जात नाही. मुलांना पळवून नेणे वा त्यांचे खच्चीकरण करणे याचा संशय आहे एवढ्यावरच त्यांची नोंदवही ठेवायची, स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास वा नाचगाणे केल्यास वॉरंटाशिवाय पकडायचे, दोन वर्षांपर्यंत कैदेत टाकायचे. नोंदलेल्या व्यक्तीने दत्तक घ्यायचे नाही, मृत्युपत्र करायचे नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवला तर तोही गुन्हा! कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता. त्याची मनोवृत्ती मात्र देशभर पसरली. स्वातंत्र्यानंतर कायदा गेला. मनोवृत्ती आपण सांभाळून ठेवली, आणि वर तिला आपलीच परंपरा समजू लागलो.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तृतीयपंथीयांच्या वस्तीत येणारे पोर सहसा कोणी पळवून आणलेले नसते, ते घरातून निघालेले किंवा घालवून दिलेले असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दिल्ली व उत्तर प्रदेशातील तृतीयपंथीयांची पाहणी करविली, तिचा अहवाल २०१७ साली आला. आई-वडिलांसह राहणाऱ्यांचे प्रमाण त्यात जेमतेम दोन टक्के निघाले. कुटुंबव्यवस्थेचा जगाला आदर्श म्हणून आपण ज्या समाजाचे वर्णन करतो, त्या समाजातील हा आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. त्यात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांची संख्या ५४,८५४ होती. म्हणजे एवढ्या घरांनी तरी जनगणनेच्या कर्मचाऱ्यासमोर आपल्या लेकराविषयीचे सत्य उच्चारले होते. त्यांतील मोठी बालके आता विशीत पोहोचली आहेत. त्यांतील किती अद्याप त्याच घरात आहेत, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

हिंसा म्हटली की गुंड, पोलीस किंवा पिसाळलेला जमाव डोळ्यांसमोर येतो. ते सारे नंतरचे. सुरुवात सुशिक्षित, सुसंस्कृत, देवघर असलेल्या घरातच होते. सहावी-सातवीतला मुलगा आईची ओढणी घेऊन आरशासमोर उभा राहतो, त्याच्या चालण्या-बोलण्यात मार्दव दिसू लागते. शाळेत ‘बायल्या’ हा शब्द कानी पडू लागतो. मधल्या सुट्टीत मुतारीत जाणे म्हणजे अंगावर हात टाकू पाहणाऱ्या चार मुलांच्या तावडीत सापडणे, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नाही. शिक्षक हसतात किंवा ‘जरा पुरुषासारखा वाग’ असा उपदेश करतात. घरी वडिलांचा पट्टा, काकांचे टोमणे, आईचे नवस. मग मांत्रिक, मग ‘यातून बरे करतो’ म्हणून सांगणारा एखादा डॉक्टर. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न पुढे केला जातो आणि एके रात्री ते पोर घर सोडते. त्याच्या मागे कोणी जात नाही. अनेक घरांत तर पोलिसांत साधी हरवल्याची तक्रारही दिली जात नाही, कारण सापडला तर काय करायचे, हा प्रश्न आई-वडिलांना अधिक भेडसावतो.

मुलगी म्हणून जन्मलेल्या पण मनाने पुरुष असलेल्यांची कथा तर कोणाला दिसतही नाही. त्यांना रस्त्यावर घालवून देत नाहीत, घाईघाईने लग्न लावून देतात. पुढचे जे घडते ते चार भिंतींत घडते.

हे अटळ असते असे मात्र नाही. महाराष्ट्रासमोर दोन परिचित उदाहरणे आहेत. गौरी सावंत पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरात जन्मल्या. तरुणपणीच त्यांना घर सोडून मुंबई गाठावी लागली. लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्यातील एका सनातनी ब्राह्मण कुटुंबातील. बालपणी नात्यातील व्यक्तीकडूनच झालेला अत्याचार त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. तरीही त्यांच्या आई-वडिलांनी आपल्या थोरल्या अपत्याला घराबाहेर काढले नाही. एका घराने दार बंद केले, दुसऱ्याने उघडे ठेवले. दोघींनीही पुढे नाव मिळविले, पण त्यासाठी मोजलेली किंमत सारखी नाही. आणि ज्या गौरीताईंच्या वाट्याला वनवास आला, त्यांनीच वेश्यावस्तीतील एका मातेच्या मृत्यूनंतर तिच्या अनाथ मुलीला जवळ घेऊन वाढविले. मुले पळविणाऱ्यांच्या यादीत ज्यांना आपण घालतो, त्यांचे हे एक उदाहरण.

विषय निघाला की आपल्याकडे लगेच शिखंडी आणि बृहन्नडा यांची नावे घेतली जातात, अर्धनारीनटेश्वराचा दाखला दिला जातो. तमिळनाडूतील कूवागमचा अरावानाचा उत्सव आहे, आपल्या कोल्हापूर-सोलापूरकडे यल्लमाचे जोगते आहेत. दाखले खरेच आहेत. हा विषय पाश्चात्त्यांकडून आयात झालेले खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना ते पुरेसे उत्तर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘पाञ्चजन्य’ आणि ‘ऑर्गनायझर’ यांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक डॉ. मोहन भागवत यांनीही हा वर्ग आपल्या समाजात पूर्वापार आहे आणि त्यालाही जगण्याचा अधिकार आहे, असेच सांगितले. पण परंपरेच्या दाखल्याचा उपयोग ढालीसारखा होऊ लागला की शंका येते. २०१९ च्या प्रयागराज कुंभात किन्नर आखाड्यापुढे आशीर्वादासाठी रांगा लागल्या होत्या. त्या रांगांत उभा राहणारा मध्यमवर्गीय गावी परतल्यावर सिग्नलला गाडीची काच वर करतो आणि भाड्याने खोली मागायला आलेल्या तृतीयपंथीयास दारातूनच परतवतो. २०१७ साली कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना नोकरी दिली, त्याचे देशभर कौतुक झाले. त्यातील आठ जणांनी थोड्याच दिवसांत काम सोडले, कारण शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. शासनाने काम दिले, शेजाऱ्यांनी छप्पर दिले नाही.

टाळ्या वाजवून पैसे उकळणे, लोकलच्या डब्यातील अर्वाच्य भाषा, घरात बाळ जन्मले की होणारी अडवणूक, याबद्दलची तक्रार खोटी नाही. गुरू-चेला पद्धतीत निराधार पोराला आसरा मिळतो तसे शोषणही होते. कमाईचा वाटा गुरूला द्यावा लागतो, न दिल्यास मारहाण होते. या गोष्टींवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु पंधराव्या वर्षी शाळा आणि घर एकाच वेळी सुटलेल्या पोरापुढे उपजीविकेचे दुसरे कोणते साधन आपण ठेवले होते, हे विचारल्याशिवाय त्या तक्रारीला नैतिक अधिकार प्राप्त होत नाही.

कायद्याने काय केले, हेही पाहिले पाहिजे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळख मान्य केली. त्यानंतर २०१९ साली संसदेने संरक्षणाचा कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. घरातून वा गावातून हुसकावणे हा गुन्हा ठरला, ही त्याची जमेची बाजू. मात्र त्याच कलमात शारीरिक आणि लैंगिक अत्याचारासाठी सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवण्यात आली. याचा व्यवहारातील अर्थ भयंकर होता. अठरा वर्षांखालील कोणत्याही बालकावर बलात्कार झाल्यास ‘पॉक्सो’ कायदा ते बालक मुलगा, मुलगी की आणखी कोणी, हे विचारत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षांची कैद सांगतो. त्याच पोराचा अठरावा वाढदिवस झाला की, त्याच अत्याचाराची कमाल शिक्षा दोन वर्षांवर आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने लिंगाच्या व्याख्येत तृतीयपंथीयांचा समावेश केला, हे योग्यच झाले. परंतु बलात्काराच्या कलमातील पीडिता केवळ स्त्रीच राहिली आणि जुन्या ३७७ कलमाचा जो तुटपुंजा आधार होता तोही गेला. अन्यायाची तीव्रता पीडिताच्या देहावरून मोजणारा न्याय भारतीय संस्कृतीच्या कोणत्या तत्त्वात बसतो?

त्यातही मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांचे उदाहरण मनाला उभारी देणारे आहे. २०२१ साली समलिंगी जोडप्याचे एक प्रकरण त्यांच्यापुढे आले, तेव्हा या विषयातील आपले अज्ञान मोकळेपणाने मान्य करून त्यांनी आधी मानसशास्त्रज्ञाकडून विषय समजून घेतला आणि मगच आदेश दिले. लैंगिक ओळख ‘बदलून देण्याच्या’ उपचारांना त्यांनी मनाई केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे पोराला ‘बरे’ करण्यासाठी एखाद्या दवाखान्यात नेणाऱ्या पालकांनी जाणून घ्यावे की, तेथे जे चालते ते वैद्यकशास्त्र नव्हे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसू शकतो, तर शाळेचे मुख्याध्यापक आणि पोलीस ठाण्याचे अधिकारी का बसू शकत नाहीत?

घर सुटलेल्यांसाठी केंद्र सरकारने २०२० पासून ‘गरिमा गृह’ नावाची निवासस्थाने सुरू केली. चांगले पाऊल आहे; पण त्यांचे दार अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे. घर सुटते ते चौदाव्या, पंधराव्या वर्षी. त्या वयाच्या पोराला बालकल्याण समितीपुढे न्यायचे, तर बालगृहे मुलांची आणि मुलींची अशी दोनच, आणि शाळेच्या मुतारीत जे सोसले तेच मुलांच्या बालगृहात रात्री सोसायचे. सेवाकार्याचा मोठा अनुभव असलेल्या संस्था आपल्याकडे आहेत. वसतिगृहे चालविणारे, भटक्या-विमुक्तांच्या लेकरांसाठी आश्रमशाळा उभारणारे कार्यकर्ते आहेत. अशा दहा-वीस पोरांसाठी वेगळ्या खोल्यांचे, जाणत्या गृहमातेचे एखादे लहान निवास महाराष्ट्रात उभे करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. ते होईपर्यंत, रात्री उशिरा ठाणे, पुणे किंवा मिरज स्थानकाच्या फलाटावर एकटे बसलेले असे एखादे पोर दृष्टीस पडले, तर दलाल त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करता येतो आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबता येते.